मृदंग्याचा घास

आईने गोळ्यांचं विचारायचं बंद केलं, तेव्हाच मला संशय आला.

त्याआधी ती रोज विचारायची. सकाळी चुलीपुढून, संध्याकाळी गोठ्यातून, आणि मी मृदंग घेऊन देवळाकडे निघालो की उंबऱ्यातून. "दिप्या, गोळी घेतलीस?" मी घेतली म्हणायचो. घ्यायचोही, तिच्या डोळ्यांसमोर. मग परसात जाऊन शेवग्याच्या बुंध्याशी थुंकून यायचो. तिला हे ठाऊक होतं, तिला ठाऊक आहे हे मला ठाऊक होतं, आणि शेवग्याला तर होतंच. मग दिवाळी उलटली आणि तिचं विचारणं एकदम थांबलं. ताट मात्र जरा जास्तच प्रेमाने पुढे येऊ लागलं.

कुणी म्हणेल, हा माणूसच संशयी. आहेच. माझा आजारच तो. मुंबईला आम्ही कुडपणची सगळी पोरं गावकीच्या एका खोलीत राहायचो. तिथे मला वाटू लागलं, की खानावळीच्या डब्यात माझ्यापुरतं काहीतरी घालतात. भिंतीपलीकडून माझ्या नावाने बोलणं ऐकू यायचं. कुरिअरच्या गोदामातली नोकरी सुटली, मी जेवेना, दार उघडेना, तेव्हा त्याच पोरांनी मला गाडीत घालून गावी आणलं. त्यांनी डब्यात काही घातलं नव्हतं हे आज मला पटतं. निदान बहुतेक दिवस पटतं.

पण घरातला संशय निराळा होता. आमटी किंचित कडू लागायची. जेवण झालं की अंगावर ओलं घोंगडं टाकल्यासारखी झोप यायची. आई ताट वाढून उठायची नाही, शेवटचा घास घशाखाली उतरेपर्यंत माझ्या तोंडाकडे बघत बसायची. एकदा मी मुद्दाम तिचं ताट माझ्याकडे ओढलं, तर "माझं तिखट हाय, तुला नाय सोसायचं" म्हणून तिने ते परत फिरवलं. जन्मभर आम्ही दोघं एकाच टोपातलं तिखट खात आलो होतो. दासगावला दिलेली माझी बहीण वैशाली हिचा फोन आला की आई पडवीच्या टोकाला जायची, आणि मी जवळ गेलो की रेंज गेली म्हणायची. रेंज आमच्या डोंगरावर जातेच म्हणा. पण नेमकी माझ्या पावलांनी जात नाही.

मग मी फक्त निसर्गाने झाकून ठेवलेलं खायला लागलो. केळी, सालासकट उकडलेली अंडी, शेंगा, निखाऱ्यात भाजलेली रताळी. वजन उतरलं. आई रडायची. तिच्या रडण्याचाही मला संशय यायचा.

एकाच जागी कधी शंका आली नाही, ती म्हणजे कीर्तन. लहानपणापासून मला कीर्तनाचं वेड. महाराज उभे राहिले, टाळकऱ्यांनी मागे रांग धरली, की माझं मन शाळेतल्या पोरासारखं हाताची घडी घालून बसतं. डोक्यात कुजबुज असते ना, ती कीर्तनातही असते. पण गजर सुरू झाला की तीही बिचारी मागे सरकून टाळ धरते. हे मी डॉक्टरांना सांगितलं तेव्हा त्यांनी लिहून घेतलं होतं.

आमच्या गावात चैत्रात हरिनाम सप्ताह असतो. मुंबईचे चाकरमानी झाडून येतात. सात दिवस देवळात अखंड नाम, रोज कीर्तन आणि पंगत. त्या पंगतीत मी पोटभर जेवायचो. भात एका टोपातला, आमटी एका कढईतली, सगळा गाव तेच खाणार. एकट्या दीपेशला त्यातून कोण काय घालणार? आईला वाटायचं पोरगं सुधारलं. मला वाटायचं आई हरली.

मृदंगावर मोरूआजा असायचा. तो माझा गुरू. वय झालेलं, तोंडात दात नाहीत, पण बोटांत अजून सगळे बोल शाबूत. मी सहावीत असताना त्याने माझे तळवे उलटेपालटे करून बघितले होते आणि म्हणाला होता, "नांगराला नाय चालायचे, मृदंगाला चालतील." तेव्हापासून मी त्याच्या शेजारी बसायचो.

इथे आमच्या गावची एक रीत सांगायला हवी. मृदंगाच्या डाव्या तोंडाला ओली कणीक लावतात, त्याशिवाय घुमारा येत नाही. वाजवता वाजवता ती कणीक हाताला लागते, बोटांत वाळते. सप्ताहाच्या शेवटच्या दिवशी काल्याचं कीर्तन संपलं, हंडी फुटली, की लोक काल्यावर तुटून पडतात आणि एकमेकांना भरवतात. त्या वेळी मृदंग्याचे हात कणकेने भरलेले असतात. म्हणून त्याच्या शिष्याने त्याला भरवायचं. शिष्याला मिळालेल्या काल्यातला पहिला घास गुरूचा. त्याला आम्ही मृदंग्याचा घास म्हणतो. तो झाल्याशिवाय मृदंग मांडीवरून उतरत नाही.

त्या वर्षी काल्याला महाराजांनी गोपाळांच्या शिदोऱ्यांची गोष्ट अशी रंगवली, की बायका हसता हसता डोळे पुसत होत्या. कुणाची शिळी भाकरी, कुणाचं ताक, कुणाचं नुसतं मीठ, सगळं एकात कालवलं आणि मग कुणाचं काय हे देवालाही ओळखता येईना, असं ते म्हणाले. मला भरून आलं. हंडी फुटली. दही, लाह्या, पोहे, कैरीचे तुकडे, हिरवी मिरची, सगळी परात देवळाच्या मधोमध आली. मी उठणार तोच आई बायकांच्या बाजूने आली आणि माझ्या हातात पानांचा द्रोण ठेवला. म्हणाली, "गर्दीत कुठे जातोस, हा घे."

आयुष्यात तेवढ्या एका क्षणी मला संशय आला नाही.

मी द्रोण घेतला आणि वळून मोरूआजाच्या तोंडात घास घातला. त्याला दही फार आवडायचं. त्याने पुन्हा तोंड उघडलं, मी पुन्हा घातला. बघणारे हसत होते. महाराजही हसले. आजा आईचं नाव घेत म्हणाला, "आज येसूच्या हाताचा काला कडू लागतोय की माझी जीभ गेली?" तरी त्याने सगळा संपवला, द्रोणाच्या तळाचं दहीसुद्धा माझ्या बोटावरून चाटलं.

मी आईकडे बघितलं. ती बायकांच्या घोळक्यात अर्धी उठली होती, परत बसली. मग पुन्हा उठली. तोंडाला पदर लावलेला. तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी कधी विसरणार नाही, आणि तरी ती एक शब्द बोलली नाही.

पंगत झाली. दुपारच्या आरतीला सगळे उभे राहिले. मोरूआजा खांबाला टेकून उठला, टाळीला हात वर केला आणि तसाच खाली घसरला. डोकं फरशीवर आपटलं नाही एवढीच देवाची कृपा. डोळे अर्धे मिटलेले, मान एका बाजूला ओढल्यासारखी, हाक मारली तर हुंकार, पण तो फार लांबून आल्यासारखा. कुणी कांदा हुंगवला, कुणी पाणी मारलं.

मग कुजबुज सुरू झाली, आणि ती माझ्या डोक्यातली नव्हती. याने भरवलं. यानेच. सगळा द्रोण याने भरवला. मुंबईला पण खाण्यात विष हाय म्हणायचा ना हा?

आजाचा मुलगा दत्ताराम माझ्यापर्यंत आला. आम्ही दोघं एकाच वर्गातले. त्याने माझी कॉलर धरली, पण आवाज चढवला नाही. तेच जास्त वाईट होतं.

"दिप्या, काय घातलंस त्यात? आत्ता सांग. तुला कुणी काय करणार नाय."

गावातले सगळे माझ्याकडे बघत होते, अगदी जसे बघतात असं मला मुंबईच्या खोलीत वाटायचं तसेच. मी मनात म्हटलं, आता हे होणारच होतं.

"त्याला सोड," आई म्हणाली. ती गर्दी सारून पुढे आली होती. "त्याने नाय. मी घातलं."

तिने कमरेची पिशवी सोडली आणि आतून काळ्या टोपणाची छोटी बाटली काढून दत्तारामाच्या हातात दिली. थेंबांचं औषध. माझ्या नावाचं, आधीच्या डॉक्टरांनी दिलेलं, पाण्यातून मला सांगून द्यायला.

खरं सांगतो, गुरू समोर पडला होता, आणि माझ्या मनात पहिलं आलं ते एवढंच, की मी खोटा नव्हतो. दुसरं आलं ते त्याच्या मागोमाग. मी खोटा नव्हतो, म्हणजे आई खोटी होती.

जीपमध्ये मोरूआजाला आडवं घातलं. पोलादपूरला सलाईन लावलं आणि पुढे महाडला न्यायला सांगितलं. आईने जीपमध्ये जागा मागितली नाही; मागच्या रिक्षेतून आली. मी दत्तारामाच्या शेजारी आजाचे पाय मांडीवर घेऊन बसलो होतो. घाटाच्या वळणावर दत्ताराम नुसता म्हणाला, "तुझी आय अशी कशी रे?" मी आजाचे पाय मांडीवर नीट धरले.

महाडला रक्तदाब सावरला, मानेचा ताठरपणा जायला एक सुई दिली, आणि आजा दुसऱ्या दिवशी सकाळी उठून चहा मागू लागला. तिथल्या मनोविकारतज्ज्ञ डॉक्टर अम्बरीन त्याला बघायला आल्या होत्या. बाटली बघून त्यांनी विचारलं, हे औषध कुणाचं? दत्तारामाने माझ्याकडे बोट दाखवलं. मग त्यांनी मला आणि आईला आपल्या खोलीत बोलावलं.

आई सांगत गेली. शेवग्याखालच्या गोळ्या तिला सापडल्या होत्या. वैशालीशी फोनवर बोलून तिने थेंब आमटीत घालायला सुरुवात केली. मग मी जेवणच सोडलं. मग सप्ताह आला. "किती दिवस याच्या पोटात औषध नाय. मुंबईची सगळी माणसं गावात. त्यांच्यादेखत याला झालं असतं तर परत तेच, गाडीत घालून आणलेला. म्हणून राहिलेलं सगळं एकदम घातलं." मग तिने मान वर केली. "आणि मी देवाच्या काल्यात घातलं, बाई. देवाच्या काल्यातून दिलं तर तो दगा कसा होईल?"

डॉक्टरांनी हातातली बाटली टेबलावर ठेवली. मग आधी माझ्याकडे वळल्या.

"दीपेश, तुमच्या जेवणात कुणीतरी काहीतरी घालत होतं. हा तुमचा भ्रम नव्हता, ते खरं होतं. मुंबईला वाटत होतं ते वेगळं. या दोन गोष्टी तुम्हाला वेगळ्या ठेवता आल्या तर आपलं काम होईल."

असं मला तोवर कुणी बोललं नव्हतं. म्हणून मला त्यांचाही संशय आला. इतकं गोड बोलणाऱ्याला काहीतरी हवं असतं.

हवं होतंच. त्यांनी सुईचं सांगितलं. गोळी रोजची, ही महिन्याची. सुरुवातीला दोन सुया आठ दिवसांच्या अंतराने, मग महिन्यातून एकदा दंडात. औषध आत राहतं आणि थोडं थोडं अंगात उतरतं.

मी म्हटलं, "म्हणजे थुंकता येणार नाही."

"नाही येणार," त्या म्हणाल्या. "एकदा गेलं की मलाही परत काढता येत नाही. म्हणून आधी हेच औषध काही दिवस गोळीतून घेऊन बघू, सोसतंय का. सोसलं नाही तर सुई नाही. हात जड होतील, अस्वस्थ वाटेल, वजन वाढेल, यातलं काहीही होऊ शकतं. झालं तर मला सांगायचं."

"आणि सुईत दुसरंच काही असलं तर?"

त्यांनी टेबलावर एक खोकं ठेवलं. नाव वाचा, तारीख वाचा, सील तुम्ही स्वतः तोडायचं, सिस्टर तुमच्यासमोर ते हलवेल, असं सांगितलं. मी खोकं उलटंसुलटं करून बघितलं. चारही कडा दाबून बघितल्या. आई माझ्या बोटांकडे बघत होती, जशी ताटाकडे बघायची.

मी विचार करत होतो. मला सुई नको होती. आजार आहे हेही मला तेव्हा अर्धंच मान्य होतं. पण मला भूक लागली होती. खरीखुरी, कित्येक महिन्यांची. घरच्या टोपातल्या गरम आमटीची. सालात नसलेल्या कशाचीतरी.

मी डॉक्टरांना म्हटलं, "सुई घेतो. पण मग ताटात काही नाही. कधीच नाही. तसं हिला इथे तुमच्यासमोर बोलू द्या."

आई म्हणाली, "आणि याने सुई चुकवली तर?"

"तर मला फोन करायचा," डॉक्टर म्हणाल्या. "ताटात हात घालायचा नाही. नुसत्या थेंबांनी काय होतं ते तुम्ही काल बघितलंत, सुईवर थेंब पडले तर त्याहून वाईट होईल."

आईने हात जोडले. "विठोबाची शपथ, नाय घालणार."

"देवाची नको," मी म्हटलं. "देवाच्याच काल्यात घातलं होतंस."

"मग कुणाची घेऊ रे?"

शपथ घ्यायला तिच्याकडे देवाखेरीज मीच होतो, आणि ते नाव तिने काढलं नाही.

गोळ्या सोसल्या. मग सुई. सील मी तोडलं. ताकासारखं पांढरट औषध सिस्टरने हलवलं, दंडावर कापूस फिरवला, आणि मी शेवटपर्यंत नजर काढली नाही. डोळ्यांदेखत आत जाणाऱ्या गोष्टीची भीती वाटते, पण ती निराळी भीती असते. तिला आकार असतो.

घरी लगेच काही गोड झालं नाही. मी टोपातून स्वतः वाढून घ्यायचो, आणि तेही आईने खाल्ल्यावर. ती जेवायची, मी तिच्या डोळ्यांवर झापड येते का बघायचो, मग माझं ताट वाढायचो. तिने यावर कधी तक्रार केली नाही. फक्त एकदा म्हणाली, तिला आता गरम जेवण मिळतं, जन्मात पहिल्यांदा घरात सगळ्यांच्या आधी जेवते. भिंतीपलीकडची कुजबुज हळूहळू विरत गेली. कधी थांबली ते कळलं नाही, जसं पाऊस थांबल्यावर पागोळी कधी थांबली ते कळत नाही.

पण डावा हात मंदावला. मृदंगावर बोल निघायचा, पण उशिरा, बैलगाडीत बसून आल्यासारखा. मला वाटलं, झालं, हाच डाव होता यांचा. मोरूआजाकडे गेलो. दत्तारामाने दार उघडलं आणि आत घेतलं. आजाने माझं वाजवणं ऐकलं.

"येसूच्या काल्याने मला जी झोप लागली," तो म्हणाला, "तशी लग्नानंतर लागली नव्हती. तुझा हात पण झोपलाय. डॉक्टरीणबाईला सांग, याला उठवा."

मी सांगितलं. त्यांनी मात्रा उतरवली, सोबत एक छोटी गोळी दिली. हात उठला. पूर्वीइतका? आजा म्हणतो हो. आजाचं वय बघता मी त्याच्यावर पूर्ण विश्वास ठेवत नाही.

पुन्हा चैत्र आला. आजाला आता मृदंग मांडीवर पेलत नव्हता, म्हणून काल्याला मी बसलो. आदल्या दिवशी महाडला जाऊन सुई घेऊन आलो होतो. एकटाच गेलो होतो. दंड ठणकत होता. पण महाराजांनी गजर धरला आणि मी सगळं विसरलो. कणीक कोपरापर्यंत उडाली होती. हंडी फुटली, लोक परातीकडे धावले, आणि मी मृदंग मांडीवर घेऊन बसून राहिलो. मला शिष्य नाही. मृदंग्याचा घास द्यायला कुणी नव्हतं.

तेव्हा आई उठली.

चाकरमानी, बायका, दत्ताराम, सगळ्यांच्या माना तिच्यामागून फिरत गेल्या. तिच्या हातात द्रोण नव्हता. ती परातीपाशी गेली, बांगड्या कोपराकडे सारल्या, आणि दोन्ही तळवे आधी एका बाजूने, मग दुसऱ्या बाजूने सगळ्यांना दाखवले. कमरेला पिशवीही नव्हती. मग सगळ्यांचे हात बुडत होते त्याच जागी तिने हात बुडवला.

"येसू," मोरूआजा खांबापाशी बसल्या बसल्या म्हणाला, "माझ्यासाठी निराळा द्रोण ठेवलास ना गो?"

लोक हसले. आई हसली नाही. ती माझ्यासमोर बसली आणि घास पुढे केला. तिच्या बोटांवरून दही मनगटाकडे ओघळत होतं. मी वास घेतला. सवय हो. ती थांबली, घेऊ दिला. मग मी तोंड उघडलं.

हळूहळू चावलं. कडू शोधत होतो. दही आंबट होतं, कैरी त्याहून आंबट, आणि मिरचीने डोळ्यांत पाणी आणलं. दुसरं काही नव्हतं. गिळलं, आणि पुन्हा तोंड उघडलं.

दुसरा घास देताना तिने डावा हात माझ्या दंडावर ठेवला. मला वाटलं, माया आली. तेवढ्यात तिने अंगठ्याने नेमकी सुईची जागा दाबली. मी कळवळलो. तिने माझा चेहरा नीट बघितला, मान हलवली, आणि कधी नव्हे ते तिच्या खांद्यांतला ताण सुटलेला मला दिसला.

"घेतलीस," ती म्हणाली.

"एक घास अजून दे," मी म्हटलं. "मग उतरवतो मृदंग."